खोळंबलेला प्रलय

श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या अंगावर वेली चढल्या तरी तो ढळला नाही; तो तपाचा संयम. २०११च्या ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये जग गिळायला निघालेल्या आल्डुइन ड्रॅगनचा संयम मात्र निव्वळ खेळाडूच्या सोयीचा. खेळाडू कोबी गोळा करो, घर घेवो, लग्न उरको, प्रलय खोळंबतो. (इतकी मुदतवाढ आपल्या कचेऱ्याही देत नाहीत.) २०१५च्या ‘विचर ३’मध्ये तर मानलेल्या लेकीचा शोध बाजूला ठेवून नायक पत्ते कुटत बसू शकतो. यालाच स्वातंत्र्य म्हणतात, असं चाहते सांगतील. मान्य, पण उशिराची किंमतच मोजायची नसेल, तर पराक्रम कसला? उलट पुण्यात घडवलेल्या ‘राजी’ या गेमची (२०२०) नायिका भावाला शोधायला सरळ निघते, तर तक्रार काय, खेळ फार लवकर संपला!