फाइलसकट गाडी

नाना जुनी गाडी बघायला निघाले की आधी फ्रिजवरचा गणपती काढून खिशात घालतात. गणपतीपुळ्याहून आणलेला, पाठीला लोहचुंबक असलेला, दोन इंची. काकू ओरडतात, कारण त्या गणपतीखाली दुधाचा हिशेब अडकवलेला असतो. पण नानांचाही इलाज नसतो. गाडीच्या दारावर, मडगार्डवर, डिक्कीच्या कडेला ते बाप्पांना टेकवत जातात. बाप्पा चिकटले तर खाली पत्रा. घसरले तर लांबी. म्हणजे गाडी कुठंतरी ठोकलेली, भरलेली आणि वरून रंग मारून उभी केलेली. समोरचा माणूस "नॉन-अ‍ॅक्सिडेंटल आहे साहेब, आईशप्पथ" म्हणत असतानाच मागच्या दारावरून बाप्पा संथपणे खाली यायला लागतात. नाना काही बोलत नाहीत, नुसते चिऊकडे बघतात. चिऊ म्हणते, "विसर्जन." आणि बापलेक पुढच्या गाडीकडे चालू लागतात.

असे नाना सोसायटीगणिक एक तरी असतात. पोर सतराची झाली की त्यांना एकदम साक्षात्कार होतो की हिला गाडी आली पाहिजे. घरातली नवी गाडी शिकायला देणं शक्य नाही, तिच्यावर अजून सीटची प्लास्टिकं आहेत. ड्रायव्हिंग स्कूलवर विश्वास नाही, कारण तिथल्या गाडीत मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. "दोघांकडे ब्रेक असला की माणूस शिकत नाही," असं नाना म्हणतात. हे वाक्य वाचकांनी जरा लक्षात ठेवावं.

मग राहते जुनी गाडी. तीही मारुती ८००च. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हातात जिची किल्ली ठेवली ती, तिथपासून जानेवारी २०१४ला उत्पादन थांबेपर्यंतची हिची सगळी कुंडली नानांना पाठ आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बारा इंची चाकं. तिचा मोठेपणा ते एका वाक्यात सांगतात: "बोनेट उघडलं की आतून खाली जमीन दिसते. ज्या गाडीतून जमीन दिसते, तीच गाडी शिकायची." हल्लीच्या गाड्यांचं बोनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं, याला ते वैचारिक अधःपतन समजतात.

कायद्याच्या बाबतीत नाना कडक. मोटारीला अठरा पूर्ण लागतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, हे ते जेवताना वाचून दाखवतात. चिऊला अठरा व्हायला सात महिने होते. "सात महिने चालवायची नाही," नाना म्हणाले, "पण उघडायला कायद्याची हरकत नाही."

पुढचे दोन महिने रविवारी सकाळी मला साक्षीदार म्हणून नेण्यात येई. एकूण अकरा गाड्या नापास झाल्या. जाहिरातीतली निम्मी वाहनं लेडी डॉक्टरांनी वापरलेली होती. पुण्यात एवढ्या लेडी डॉक्टर असत्या तर आमच्या दवाखान्यात दीड तास नंबर लागला नसता, हे नानांनी विकणाऱ्याच्या तोंडावर सांगितलं. एका गाडीचं मीटर ४१ हजार दाखवत होतं आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. "मीटर माणूस मागे फिरवतो, रबर कोण फिरवणार?" नाना म्हणाले. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचायचं काम चिऊकडे होतं. "०८११," ती उकिडवी बसून म्हणाली. "नवेच टाकलेत" म्हणणाऱ्या मालकानं तेव्हा खिशातून फोन काढून तो उगाच कानाला लावला. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस निघाला ती गाडी तर नानांनी न बोलता, नमस्कार करून सोडली. आणि प्रत्येक गाडीत पायाखालचं मॅट उचलून पत्रा बघायचाच. अकराच्या अकरा गाड्यांचं मॅट उचललं, मी साक्षीला होतो.

हे सगळं नानांना येतं, कारण ते तीस वर्षं बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात आहेत. शाखेत शिरल्यावर मॅनेजर चहा मागवतो तेव्हा ह्यांचं लक्ष चहाच्या व्हाउचरवर असतं. फक्त एक गोष्ट मला तोवर कळली नव्हती. चूक शोधणं आणि चूक दुरुस्त करणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि नानांची बदली दुसऱ्या खात्यात कधीच झालेली नाही.

बारावी गाडी एरंडवण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांची. १९९८ची, पांढरी, एसी नाही, पासिंग २०२८पर्यंत. नानांनी गणपती काढला. तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, "आधी फाइल बघा."

निळ्या कापडी पुठ्ठ्याची बॉक्स फाइल. गाडी घेतल्यापासून भरलेल्या प्रत्येक लिटरची नोंद. पहिलीच ओळ: 'टाकी पूर्ण, २८ लि.' त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल, पंच करून, तारखेवार. 'वायपर ब्लेड, डावे: मोलकरणीच्या मुलाने.' 'आरसा: रिक्षा. समोरच्याने रु. ५० दिले. प्रत्यक्ष खर्च रु. ११०.' 'फ्लोअर पत्रा, उजवी बाजू: वेल्डिंग, २००९.' नाना पानं उलटत होते आणि त्यांच्या तोंडावर जे काही पसरत होतं ते मी त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेलं नाही. गणपती त्यांनी न बघताच माझ्या हातात दिला. गाडीत बसले ते फाइल मांडीवर घेऊन. मॅट खाली होतं, वर फाइल होती. मॅट कोण उचलणार?

"मागणी काय आहे?" नानांनी विचारलं.

"शेवटचं पान बघा."

शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'किंमत ४२,०००. घासाघीस नाही.' नानांनी मान डोलावली. समोर नोंदच असल्यावर इन्स्पेक्टर काय बोलणार? इसाराचे पाच हजार दिले, त्याची पावती मिळाली, आणि पावतीचीही एक प्रत फाइलला लागली. उलट त्या गृहस्थांनीच नानांना पार्किंगला छप्पर आहे का ते विचारून घेतलं. परतताना चिऊ मला म्हणाली, "काका, आपण इंजिन चालू केलं का हो?" केलं नव्हतं.

इंजिन चालू झालं, पण तिसऱ्या दिवशी. त्या आधी चोक ओढून, चोक दाबून, सेल्फ मारून आणि शेवटी वॉचमनसह चौघांनी धक्का मारून झाला. मग दर रविवारी बी विंगच्या पार्किंगमध्ये शाळा भरू लागली. नानांकडे पान्यांचा वडिलोपार्जित संच आहे. त्यातला १०-११चा पाना सोडून सगळे पाने जागेवर असतात आणि लागतो तो नेमका १०-११चा. शिकवण्याची पद्धत अशी: नाना बोनेटवर हात ठेवून चार स्ट्रोक समजावतात, चिऊ बॅटरी धरून उभी राहते. "आधी समजून घे." "बाबा, पण हा नट कुठल्या बाजूनं फिरवायचा?" नाना इथं चष्मा पुसायला घेतात.

दुसऱ्याच रविवारी चिऊनं तिन्ही प्लगच्या वायरी एकदम ओढून काढल्या, प्लग ब्रशनं घासले आणि वायरी दिसायला सरळ दिसतील अशा लावून टाकल्या. ह्या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-२ असतो हे नानांना ठाऊक होतं. पण ते त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर कुठली वायर एक आणि कुठली तीन, ते पुस्तकात नव्हतं. चावी फिरवली आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की गाडीखाली झोपणारं कुत्रं थेट सी विंगला राहायला गेलं. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "इंडिया जिंकली का?"

"मी तुला सांगितलं होतं, एकेक काढ," नाना म्हणाले.

"नव्हतं सांगितलंस."

मी खाली बघितलं. साक्षीदारालाही कधी कधी काही आठवत नाही. त्या दिवसापासून चिऊ काहीही उघडण्याआधी फोटो काढू लागली आणि बॅटरी हळूहळू नानांच्या हातात गेली. ती त्यांच्याकडे कधी गेली, ते कुणालाच नेमकं सांगता येणार नाही. "तोंडावर नको मारूस, खाली मार," असा आवाज ग्रीसमधून यायचा आणि नाना निमूट बॅटरी खाली करायचे. सोसायटीनं ऑइलच्या डागाबद्दल नोटीस दिली. नानांनी तीही पंच केली.

नाना पेठेत पार्ट आणायलाही तीच जाऊ लागली. पहिल्या खेपेला नाना बरोबर होते. दुकानदारानं विचारलं, "ओरिजिनल देऊ, का चालेल असं देऊ?" नानांनी ओरिजिनलची व्याख्या विचारली आणि पाठीमागे रांग लागली. दुसऱ्या खेपेला चिऊ एकटी गेली; डिस्ट्रिब्युटर कॅप, फॅन बेल्ट, दोन होज पाइप आणि एक १०-११चा पाना घेऊन तासाभरात परत. पाच महिन्यांत एकूण २६ हजार गेले. फाइलमध्ये नानांनी त्यासाठी नवं सदर उघडलं: 'शैक्षणिक खर्च'. काकूंचं म्हणणं एवढंच, की तेवढ्यात आपण रिक्षानं काशीला जाऊन आलो असतो.

वाढदिवस झाला. शिकाऊ लायसन्स आलं. पुढे-मागे लाल 'एल' चिकटवून एका रविवारी पहाटे साडेसहाला गाडी पौड रोडला लागली. चिऊ स्टिअरिंगवर, नाना डावीकडे, मी मागे, फाइल माझ्या मांडीवर. पोरगी चांगली चालवत होती, अगदी चाळिशीच्या वर काटा नाही. पण नानांचा उजवा पाय, जणू त्यांच्याकडेही ब्रेक आहे असा, प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक दूधवाल्याला, रस्त्याकडेला नुसत्या उभ्या असलेल्या म्हशीलाही जोरानं दाबला जात होता. समोरून बोळातून एक रिक्षा आली. चिऊनं शांतपणे ब्रेक लावला. नानांनीही लावला. खर्रकन आवाज झाला आणि नानांचा पाय घोट्यापर्यंत मॅटसकट खाली गेला.

"बाबा," चिऊ आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "जमीन दिसतेय."

घरापर्यंत नाना सीटवर मांडी घालून आले. चप्पल पौड रोडला राहिली. संध्याकाळी त्यांनी एरंडवण्याला फोन लावला. गृहस्थ क्षणभर थांबून म्हणाले, "उजवी बाजू केली, अशी नोंद आहे ना? डावी केली अशी कुठं आहे? डावीकडे मी पावसाळ्यात छत्री ठेवायचो. पंचवीस वर्षं." नाना म्हणाले, "बरोबर आहे. नोंद बरोबर आहे." फोन ठेवल्यावरही त्यांच्या चेहऱ्यावर आदरच होता.

बुधवारी पत्रा वेल्ड झाला. बिल चिऊनंच पंच केलं, आणि खाली तिच्या तिरक्या अक्षरात नोंद केली: 'फ्लोअर पत्रा, डावी बाजू. कारण: छत्री आणि बाबा.'