नाक वर, ओझं मागे

पिकअपचं नाक जन्मतःच थोडं खाली असतं, आणि ते विनयानं नव्हे. रिकामी गाडी मागून उंच ठेवलेली असते ती हिशेबानं. मावळात हौद्यात इंद्रायणी तांदळाची पोती, दुधाचे कॅन नाहीतर तळेगावकडच्या हरितगृहांतल्या गुलाबांच्या पेट्या चढल्या, की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाटीला येते. पण इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स हौसेनं घेणाऱ्याच्या हौद्यात बहुधा एक घडीची खुर्ची आणि चिक्कीची पिशवी असते. त्यामुळे नाक खालीच राहतं, आणि मालकाला ते स्वतःचंच कापल्यासारखं वाटतं. मग पुढे स्पेसरची चकती घालून लेव्हलिंग करायचं की चारही बाजूंनी गाडी उचलायची, आणि त्यासाठी कुठलं किट घ्यायचं, याची चौकशी सुरू होते. एवढी चौकशी मुलीच्या स्थळाचीही होत नाही. माझं म्हणणं असं, की किटच्या आधी ओझं ठरवावं. ओझंच नसेल, तर किट गाडीला नव्हे, मालकाला बसवलं जातं.

दिव्यांचंच बघा. व्ही-क्रॉसच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण ३.१ मीटर अंतर आहे. पुढची बाजू दोन इंच, म्हणजे ५ सेंटिमीटर उचलली, की गाडी जवळजवळ एक अंशानं मागे कलते. आकडा किरकोळ वाटतो. पण ५० मीटरवर दिव्याचा झोत त्यामुळे ८० सेंटिमीटर वर जातो. म्हणजे खंडाळ्याच्या धुक्यात समोरून येणाऱ्या माणसाला रस्ता दिसायचा बंद होतो आणि आपली प्रतिष्ठा तेवढी दिसते. त्यात मागे खरंच पोती भरली, तर पुढचे दिवे ड्यूक्स नोजच्या कड्याचं टोक शोधू लागतात. दिव्याचा स्क्रू फिरवला की झालं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, होतं. पण किटच्या खर्चात स्क्रूड्रायव्हर धरणारे फार थोडे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मावळातला पाऊस, चिखल, दगड, इथे उंची नको तर कुठे हवी? पण या गाड्यांचा मागचा अ‍ॅक्सल अखंड असतो, आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लटकतो. पाटे वाढवा, ते धरणारे शॅकल लांब करा, बॉडी वर जाते. गोळा होता तिथेच राहतो, आणि दगडाला बहुधा तोच आधी भेटतो. तो वर न्यायला मोठं टायर लागतं, आणि तिथेही व्यास दोन इंच वाढला तर पदरात पडतो एकच इंच. पुढच्या बंपरला आणि पोटाला मोकळीक मिळते, हे मान्य. लोहगडाच्या बाजूच्या एखाद्या चरात ती उपयोगीही पडेल. मात्र चिखलात पकड देतात ती टायरची नक्षी आणि चालवणाऱ्याचा पाय. आंदर मावळात शेताच्या बांधापर्यंत जाणारी बोलेरो पिकअप कुठलंही किट न लावता माल घेऊन परत येते. शिवाय गुरुत्वमध्य वर गेला की घाटाच्या वळणावर गाडी जास्त झुकते, ते वेगळंच. रविवारी भुशी डॅमच्या रांगेत तर उंचीचा फायदा इतकाच, की पुढे किती गाड्या अडकल्यात ते जास्त लांबवर दिसतं.

तरीही एक बाजू खरी आहे. ज्यानं पुढे लोखंडी बंपर आणि विंच चढवलाय, त्याचं नाक वजनानं खाली आलेलं असतं. त्यानं स्पेसर घालू नये. स्पेसर उंची देतो, ताकद देत नाही. त्या वजनाच्या मापाची स्प्रिंग आणि जुळणारे शॉकअप घ्यावेत, अलाइनमेंट करून घ्यावी. आणि हे सगळं करण्याआधी आरटीओची पायरी चढावी, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हौस ओळखत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलं. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस ही बाब आपल्यापेक्षा बारकाईनं वाचतो. राहता राहिली चारही बाजूंनी उचललेली गाडी. तिचा हौदाही दोन इंच वर गेलेला असतो, आणि पन्नास किलोचं पोतं तिथवर चढवणाऱ्या हमालाला किट निवडताना कुणी विचारलेलं नसतं. आजीला पुढच्या सीटवर बसवायचं, तर गाडीला पाटे आणि आजीला पाट, असा दुहेरी खर्च आहे.