सध्या थांबा!

अण्णांना तुम्ही ओळखता. तुमच्या सोसायटीत त्यांचं नाव वेगळं असेल, एवढंच. वस्तू तुम्ही घ्यायची, पैसे तुम्ही मोजायचे आणि परवानगी त्यांची.

2003 चा वर्ल्डकप तोंडावर आला होता आणि घरातला टीव्ही ‘चार दिवस सासूचे’च्या नावे झालेला. चिरंजीव म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड बसवू, मॉनिटरवर मॅच बघू. हे बोलणं जिन्यात चाललं होतं. अण्णांचं दार उघडलं.

“चिप कुठली? बीटी 878 की फिलिप्सची 7134?”

आम्ही गप्प.

“पीसीआय स्लॉट तरी रिकामा आहे का?”

एकात मोडेम, दुसऱ्यात साउंड कार्ड. तिसरा मात्र रिकामा निघाला. अण्णांचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. “रेकॉर्डिंग करणार ना? तासाला दोनेक जीबी खातं ते. तुमची हार्ड डिस्क चाळीसची. सध्या थांबा.”

मग बाहेरून जोडायचा डबा घेऊ, म्हटलं. सीपीयू बंद ठेवूनही मॉनिटरवर टीव्ही दिसतो.

“त्यात रेकॉर्डिंग होत नाही.”

“आम्हाला करायचंच नाही, अण्णा.”

“आज नाही. उद्या वाटलं तर? सध्या थांबा.”

फायनलला ऑस्ट्रेलियाने 359 कुटल्या आणि आपण हरलो. दुसऱ्या दिवशी अण्णा जिन्यात भेटले ते प्रसन्न चेहऱ्याने. “वाचले ना पैसे?”

पुढे एकदा ते स्वतःच आम्हाला पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत घेऊन गेले. दुकानदाराला खोकी उघडायला लावली, खिशातलं भिंग काढून प्रत्येक कार्डावरचे आकडे वाचले, लाइन-इनची वायर सोबत आहे का, रिमोटचा डोळा कुठे जोडायचा, सगळं विचारलं. दुकानदार शेवटी काकुळतीला आला, “काका, घेणार आहात ना?” अण्णा म्हणाले, “माहिती घेतोय.” मग भिंग खिशात, आणि माझ्याकडे वळून ते दोन शब्द. दुकानदाराने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

अण्णांकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता, हे सांगायचं राहिलं. ते थांबले होते. 1982 साली दिल्लीच्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, तेव्हा काकूंनाही त्यांनी थांबवलं होतं. काकू शेजारी जाऊन रंग बघून येत. पुढे स्वतःच्या पगारातून हप्त्याने टीव्ही आणला तो काकूंनीच, आणि तोही अण्णा गावाला गेलेले असताना.

आमच्या चिरंजीवांनी तोच कित्ता गिरवला. 2007 मध्ये टी-20 वर्ल्डकपच्या फायनलच्या दिवशी कार्ड आणलं, बसवलं. चित्र आलं. आवाज नाही. शोएब, धोनी, सगळे मुके. खोलीत दहा माणसं आणि दहा सल्ले. न बोलावता अण्णा आले. एक शब्द टाकून बोलले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सेटिंग उघडलं. “देश चीन निवडलाय. त्यांच्याकडे आवाज चित्रापासून साडेसहा मेगाहर्ट्झवर असतो, आपल्याकडे साडेपाच. पाल-बी करा.” मिसबाहचा झेल श्रीशांतने घेतला, तो आम्ही आरडाओरड्यासकट ऐकला. कार्ड कधी घरात न आणलेल्या माणसाला हे ठाऊक होतं. ज्यांच्या घरात ते बसलं होतं, त्यांना नाही. त्या रात्री अण्णा पेढा खाऊन गेले, आणि जाताना चिप कुठली तेवढं विचारून गेले.

मग 31 मार्च 2013 आली. पुण्यात केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि भिंतीतून थेट कार्डात खोचलेली वायर निकामी झाली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. दहा वर्षं उशिरा का होईना, अण्णा बरोबर ठरले होते. तोवर चिरंजीव बंगळुरूला गेलेले. मॅच फोनवर बघतात, आणि फोन घेताना कुणालाही विचारत नाहीत.

अण्णा मात्र आले, कार्डाच्या मागे वाकून बघत म्हणाले, “एफएमचं भोक वेगळं आहे. ते चालेल.” पंचाहत्तर सेंटिमीटर तार त्यांनी पट्टीने मोजून कापली, कारण लहरीचा चौथा हिस्सा तेवढा भरतो. खिडकीच्या गजाला तार बांधली आणि 101 वर आकाशवाणी खणखणीत लागली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ त्याच आठवड्यात रेडिओ आणायला निघाले होते. अण्णांनी त्यांना अर्ध्या जिन्यातून परत फिरवलं आणि थेट आमच्याकडे पाठवलं. तेव्हापासून सकाळी आमच्याकडे दोन खुर्च्या जास्त लागू लागल्या, आणि एक कप बिनसाखरेचा.