एकतीस जून

(प्राथमिक आरोग्य केंद्र, सकाळचे साडेदहा. भिंतीला टेकलं की पाठीला रंग लागतो. दारात रांगोळी, टेबलावर शाल-श्रीफळ. आज ‘एनक्वास’, म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांचं मूल्यमापन. पास व्हायला १०० पैकी ७० हवेत. मूल्यमापक मॅडम परजिल्ह्यातल्या, स्वतः डॉक्टर. हातात यादी, प्रत्येक मुद्द्याला पूर्ण असेल तर दोन, अर्धवट असेल तर एक, नसेल तर शून्य.)

शिपाई : जपून मॅडम, रंग ओला आहे. २०१५ साली स्वच्छतेची ‘कायाकल्प’ योजना निघाली, तेव्हापासून ही भिंत आमच्यापेक्षा जास्त नटली.

मॅडम : सत्कार राहू द्या. लशींचा फ्रीज कुठे आहे?

डॉक्टर : या ना. तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये. सकाळ-संध्याकाळ नोंद, एकही खाडा नाही.

मॅडम : दिसतंय. जूनभर सकाळी ४, संध्याकाळी ४. रविवारी ४. वादळात दोन दिवस वीज नव्हती ना इकडे? तेव्हाही ४.

डॉक्टर : मशीन चांगलं आहे, मॅडम.

मॅडम : फारच चांगलं. ३१ जूनलाही ४.

(डॉक्टर शिपायाकडे बघतात. शिपाई छताकडे.)

शिपाई : वही छापील आहे, मॅडम. त्यांनी ३१ ओळी आखल्या. शेवटची रिकामी सोडली असती, तर तुम्हीच म्हणाला असता, खाडा का पडला?

मॅडम : शून्य.

डॉक्टर : निदान एक तरी द्या! ३० दिवस तर बरोबर आहेत.

मॅडम : एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरलेले. बरं मामा, तुम्ही सांगा. रक्तानं भिजलेला बोळा कुठे टाकायचा?

शिपाई : पिवळ्या पिशवीत.

मॅडम : सलाईनची नळी?

शिपाई : लाल. काचेची बाटली निळ्या डब्यात. सुई पांढऱ्या डब्यात, ज्याला भोक पडत नाही त्या. आणि ४८ तासांच्या वर कचरा इथं ठेवायचा नाही.

मॅडम : पाठांतर छान झालंय.

शिपाई : पाठांतर नाही. कुणीतरी सुई लाल पिशवीत टाकली होती, ती मला टोचली. सहा महिने रक्त तपासत होतो. घरच्यांनी माझं ताट वेगळं केलं. आता झोपेतनं उठवून विचारा.

(यादीची थट्टा करायला अक्कल लागत नाही. पण तिच्यातली एक ओळ कुणी मनापासून पाळली असती, तर या माणसाचं ताट वेगळं झालं नसतं.)

मॅडम : याला पूर्ण दोन.

डॉक्टर : मग असं करा ना, त्याचे दोन आणि वहीचं शून्य, दोन्हीकडे एकेक टाका. बेरीज तीच!

मॅडम : (दुर्लक्ष करून) बघून झालं, नोंदी झाल्या, कर्मचारी झाले. आता रुग्णाची मुलाखत.

डॉक्टर : या आजी आहेत. अगदी योगायोगानं बसल्यात.

आजी : (एका दमात) समदं चांगलं हाय, पानी हाय, पंखा हाय, डाक्टर टायमाला येत्यात, पैसं कुनी मागत न्हाई.

मॅडम : आजी, मी अजून काही विचारलंच नाही.

आजी : मग इचारा की. पर वळीनं इचारा, न्हाईतर माझं चुकतंय.

मॅडम : बायकांचं शौचालय वापरता का?

आजी : आज वापरलं. आजच कुलूप निघालं न्हवं? आत काय फरशी हाय गं बाई! तुमी दर आठवड्याला का येत न्हाई?

डॉक्टर : साबण चोरीला जातो, मॅडम, म्हणून कुलूप.

मॅडम : साबणासाठी शौचालय बंद?

डॉक्टर : साबण तुमच्या यादीत आहे. उघडं ठेवलं तर साबण जातो, साबण गेला की गुण जातात.

मॅडम : (टिपून घेत) आजी, भिंतीवर तुमच्या हक्कांची सनद लावली आहे, ती बघितलीत?

आजी : वाचाया येत न्हाई. पर बगितली लई जवळनं. ह्यो बघा, पदर हिरवा झाला.

मॅडम : आणि डॉक्टर किती वेळ तपासतात?

आजी : मागल्या खेपंला मी खोकला म्हनस्तवर चिठ्ठी हातात. गुडघा राहूनच गेला.

डॉक्टर : मॅडम, ३०,००० लोकसंख्या धरून हे केंद्र दिलंय. दुसऱ्या डॉक्टरची जागा रिकामी. पंधरवडाभर रोज ओपीडी उरकतो आणि रजिस्टरं लिहीत बसतो. रुग्णाला वेळ दिला का, हे तुम्ही विचारता. तो रकाना भरायला जो वेळ गेला, तो कुठल्या रकान्यात लिहू?

(मॅडम पेनाचं टोपण लावतात, काढतात, पुन्हा लावतात.)

मॅडम : कोणता गुडघा, आजी?

आजी : डावा. चढाला लागलं की ठनका मारतोय.

मॅडम : पाय लांब करा. इथं दुखतं? बीपी कधी बघितलं होतं? डॉक्टर, बीपीचं मशीन आणा.

डॉक्टर : ते... कपाटात आहे. नवीन आहे. तपासणीचं स्टिकर लावून नीट ठेवलंय, तुम्हाला दाखवायला.

मॅडम : बघितलं. आता वापरायला आणा.

(मशीन खोक्यातून बाहेर येतं. आकडा १७० वर १००. ओपीडीची रांग बघता बघता मॅडमच्या खुर्चीकडे वळते.)

दुसरी बाई : म्याडम, ह्या पोराचं बी कान बघा की.

शिपाई : रांगेनं या, रांगेनं! नव्या डाक्टरीणबाई इकडं, जुने साहेब तिकडं.

मॅडम : अहो, माझे अर्धे मुद्दे राहिलेत अजून!

शिपाई : यादी द्या इकडं, मी भरतो. कुठं दोन नि कुठं शून्य, सगळं ठाऊक आहे मला.

डॉक्टर : (स्टेथोस्कोप टाकून धावत) मॅडम, काहीही करा, यादी त्याच्या हातात देऊ नका!