मोटार नको म्हणे!

अहो, ऐकलंत का? चांगली कमावती माणसं, दारात दोन-दोन गाड्या, आणि फ्रान्सला जाऊन मोटार भाड्याने घेणार नाहीत म्हणे! पॅरिसपुरतं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. पॅरिसात मोटार चालवायची हौस फक्त टॅक्सीवाल्यांनाच परवडते. पण ही मंडळी निघाली आहेत पार खेड्यापाड्यांत. द्राक्षांचे मळे, दगडी घरं, टेकडीवरचं चर्च, सगळं बघायचं, आणि बघायचं आगगाडीने. पूर्वी युरोपहून परतलेल्या माणसाला विचारायचे, किती देश केले? आता विचारायचं, किती गाड्या बदलल्या? आकडा जितका मोठा, तितकी कॉलर ताठ.

वर मानभावीपणा असा की, ‘आम्हाला निवांत फिरायचंय.’ हा निवांतपणा सहा महिने आधीपासून सुरू होतो. जेवणाच्या टेबलावर नकाशा, लॅपटॉपवर रंगीत रकाने, नवरा-बायकोत अबोला. कारण पहिलीच गोम पॅरिसमध्ये. पॅरिसला एक मोठं स्टेशन असं नाहीच. उत्तरेच्या गाड्या गार द्यु नॉरला, आग्नेयेच्या गार द ल्योंला, ब्रिटनीच्या माँपारनासला. १८४२ च्या कायद्याने लग्रां नावाच्या इंजिनिअरची योजना उचलली आणि सगळे लोहमार्ग पॅरिसमधून ताऱ्याच्या किरणांसारखे बाहेर काढले. आता एका किरणावरून दुसऱ्यावर उडी मारायची तर बॅगा घेऊन मेट्रोच्या जिन्यांवरून. निवांत!

मग तिकिटांचं महाभारत. १९८१ साली पॅरिस-ल्यों मार्गावर धावू लागलेली तेजेवे ही जलद गाडी. तिला आरक्षण लागतंच. युरेलचा पास गळ्यात असला तरी जागेचे पैसे वेगळे मोजायचे, आणि पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच. तिकीट लवकर काढलं तर स्वस्त, उशिरा काढलं तर विचारू नका. याउलट प्रादेशिक गाड्या, तिथे म्हणतात तशा ‘तेएर’, बहुधा आरक्षणाशिवाय, सरळ भाड्याच्या. खूळ अंगात भिनलं की माणूस तेजेवेला नाक मुरडायला लागतो. ‘तिच्यातून काही दिसतच नाही गं,’ असं एका बाईंनी मला ऐकवलं. वंदे भारतचं तिकीट मिळालं की फोटो टाकणाऱ्या बाई या!

आणि तेजेवेने जरी गेलात, तरी उतरवेल कुठे याचा भरवसा आहे का? अमिएँ आणि सँ-कांतँ या दोन शहरांच्या मध्ये, दोन्हींपासून लांब, भर शेतात एक स्टेशन १९९४ साली उघडलं. ओत-पिकार्दी. आजूबाजूला बीट, बीट आणि बीट. फ्रेंच लोकांनी त्याचं नावच बीटांचं स्टेशन पाडलं. साधा लोहमार्ग तिथे पोचत नाही, पुढे बसच.

पण खरी गंमत पुढे आहे. या मंडळींच्या यादीत असतात ती ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावं’. तशी अधिकृत संस्थाच आहे, १९८२ साली कोलाँज-ला-रूज या तांबड्या दगडांच्या गावाच्या महापौरांनी सुरू केलेली. दोन हजारांच्या आतली लोकवस्ती हवी, जुनी वास्तू हवी, वगैरे अटी. आता हळू आवाजात सांगते. यातली पुष्कळ गावं सुंदर राहिली ती आगगाडी आली नाही म्हणूनच! जिथे रूळ आले तिथे गोदामं आली, कारखाने आले, नव्या वसाहती आल्या. जिथे आले नाहीत तिथली तरुण मंडळी शहरात निघून गेली आणि घरं होती तशी उभी राहिली. तेव्हा ही आपली माणसं आगगाडी न आल्याने जपली गेलेली गावं आगगाडीने गाठायला निघाली आहेत. याला काय म्हणावं?

नाही म्हणायला फ्रेंचांनी रूळ टाकण्यात कसूर केली नव्हती. १८७९ मध्ये फ्रेसिने या मंत्रीमहाशयांनी लहानसहान तालुक्याच्या ठिकाणीही रेल्वे नेण्याचा घाट घातला, आणि पुष्कळशी नेलीही. पुढे मोटारी आल्या, गाड्या रिकाम्या धावू लागल्या, मार्ग एकेक करून बंद पडले. कित्येक ठिकाणी आता रूळ उखडून सायकलवाट केली आहे. म्हणजे जुन्या नकाशात रेषा दिसते म्हणून हुरळून जाऊ नये.

उरलेल्या स्टेशनांचीही तऱ्हाच. रोकामादूर घ्या. कड्याला चिकटलेलं तीर्थक्षेत्र, जगभरचे लोक येतात. स्टेशनच्या पाटीवर नाव रोकामादूरचं, गाव चारेक किलोमीटर पुढे. नजाकचं स्टेशन नदीकाठी आणि गाव किल्ल्यासकट वर डोंगराच्या धारेवर. चढा! बस असेल म्हणता? असते. शाळा चालू असेल त्या दिवशी. सुट्टीत नाही, रविवारी तर नाहीच. काही भागांत मागणीनुसार येणारी छोटी गाडी असते, पण तिला आदल्या दिवशी फोन करून कळवायचं, आणि तेही फ्रेंचमध्ये. ज्या गृहस्थांनी आयुष्यात घरच्या गॅसचा नंबर स्वतः लावला नाही, ते आता ‘बाँजूर मादाम’चा आरशासमोर सराव करतात.

तिथल्या गावकऱ्यांना तर हसावं की रडावं कळत नसेल. त्यांचं पान मोटारीशिवाय हलत नाही. दवाखाना लांब, बाजार लांब, नोकरी त्याहून लांब. २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनावरचा कर वाढणार म्हणून याच लोकांनी पिवळी जाकिटं चढवून चौक अडवले होते. जाकिटं कुठून आली? प्रत्येक मोटारीत ठेवायची सक्तीच आहे! सरकार तिकडे अडीच तासांच्या आत आगगाडीने जाता येतं म्हणून पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून ल्यों, नांत, बोर्दोची विमानं बंद करतं, आणि खेड्यातली आजी म्हणते, बाबा, मला दवाखान्यात कोण नेणार? अशा गावात आपण जाऊन सांगायचं, आम्ही मुद्दाम मोटार आणली नाही हो. शोभतं का?

जेवणाचं थोडक्यात सांगते. बारा ते दोन. दोन वाजून दहा मिनिटांनी उतरलात तर स्वयंपाकघर बंद, मग भाकरवडीचा पुडा काढा. आणि बकरीच्या चीजचं सॅलड शाकाहारी समजून मागवलंत, तर त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना हे आधी विचारा.

आता संप. २००७ च्या कायद्याने संपावर जाणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याला अठ्ठेचाळीस तास आधी कळवावं लागतं, आणि कोणत्या गाड्या धावणार हे प्रवाशांना आदल्या दिवशी कळतं. रागवायचं सुद्धा वेळापत्रकानुसार! आमच्या ओळखीतले एक काका तर ‘संप लागला नाही तर फ्रान्स पाहिल्यासारखं वाटणार नाही’ म्हणतात. खूळ कुठवर गेलंय बघा.

बरं, यांच्यातले जे मुरलेले आहेत ते गावांची यादीच फाडून टाकतात. ते मार्ग निवडतात, गाव नव्हे. पॅरिसच्या ऑस्टरलित्स स्टेशनवरून रात्रीची गाडी पकडायची. दुसऱ्या वर्गात एका कप्प्यात सहा बर्थ, म्हणजे आपली थ्री टिअरच. सकाळी पिरेनीज पर्वतातलं लातूर-द-कारोल. दचकू नका, आपलं लातूर वेगळं. या एवढ्याशा स्टेशनात तीन मापांचे रूळ आहेत: फ्रेंच, स्पॅनिश, आणि मीटर गेज. त्या मीटर गेजवर पिवळी गाडी, लाडाचं नाव कॅनरी. ६३ किलोमीटर, वाटेत १,५९३ मीटर उंचीवरचं स्टेशन, फ्रेंच रेल्वेचं सर्वांत उंच. काही थांब्यांवर हात दाखवला तरच थांबते, उन्हाळ्यात उघडे डबेही लावतात, आणि शेवटी उतरवते ती व्हिलफ्रांश-द-काँफ्लांच्या तटबंदीपाशी. तेही सुंदर गावांच्या यादीतलंच, आणि स्टेशनवरून चालत जाण्यासारखं. हे ऐकून मी गप्पच बसले. मत्सर वाटला असं कुणी म्हणू नये.

पण कडी केली ती काल. क्लेरमाँ-फेराँहून नीमला जाणारी सेव्हेनॉल नावाची गाडी आहे. दऱ्याखोऱ्यांतून बोगद्यामागून बोगदे पार करत जाते. तिच्या वाटेवर लांगोन्य येतं, आणि तिथून जाते स्टीव्हन्सनची पायवाट. हा स्कॉटिश लेखक १८७८ मध्ये मोदेस्तीन नावाचं गाढव घेऊन बारा दिवस या डोंगरांत हिंडला. आगगाडी नव्हती म्हणून नव्हे हो, हा लोहमार्ग १८७० मध्येच पुरा झाला होता! आता त्या वाटेवर सामान वाहायला गाढवं भाड्याने मिळतात. झालं. मोटार सुटली, बस सुटली, आता आमच्या त्या बाईंना आगगाडीही फार घाई केल्यासारखी वाटायला लागली आहे. काल रात्री साडेदहाला फोन करून विचारत होत्या, गाढवाला आगाऊ आरक्षण लागतं का, आणि संपाच्या दिवशी ते चालतं का.