खाटेवर पडा, मग बघू

(सास्तूर. चौकातलं मेडिकल. एका पाटीवर '२० टक्के सूट', दुसरीवर 'उधारी बंद'. दुसरी पाटी मोठी आहे. गिऱ्हाईक अडुसष्ट वर्षांचं. हातात चिठ्ठी, छातीत स्टेंट.)

गिऱ्हाईक : मालक, ह्या चिठ्ठीतल्या निम्म्या गोळ्या द्या.

मेडिकलवाला : कुठल्या निम्म्या, तात्या? वरच्या का खालच्या?

गिऱ्हाईक : स्वस्तातल्या.

मेडिकलवाला : तशा नसतात निवडायच्या. ही भाजी हाय का?

गिऱ्हाईक : भाजी परवडली असती. गेल्या महिन्यात अडीच हजार झाले. म्हनून आता एका दिवसाआड घेतो. आन एकादशीला गोळीचाबी उपास.

मेडिकलवाला : असला उपास केला तर देव पावणार नाही, थेट बोलवून घेईल. ह्या दोन गोळ्या रक्त पातळ ठेवायच्या हायत. डॉक्टरला न विचारता खाडा केला तर स्टेंटमधी गुठळी होते. बाकी कशातबी काटकसर करा, हितं नको.

गिऱ्हाईक : पण स्टेंट तर फुकट बसला की! लातूरला, महात्मा फुले योजनेत. एक रुपया घेतला न्हाई. जेवण दिलं, परतीचं भाडं दिलं. मला वाटलं, एवढं केलंय तर गोळ्याबी तेच बघतील.

मेडिकलवाला : दिल्या असतील की सुट्टी करताना.

गिऱ्हाईक : दिल्या. थोड्या दिवसांच्या. पुढं डॉक्टर म्हनले, आता जन्मभर घ्या. सरकारनं म्हैस फुकट दिली, मालक. पेंड मात्र मीच इकत आणायची, आन तीबी म्हैस मरंस्तवर न्हाई, मी मरंस्तवर!

मेडिकलवाला : स्टेंटचा भाव तरी सरकारनं पाडला. २०१७ च्या फेब्रुवारीत औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० ठरवली. त्याच्या आधी लाखाच्या वर घ्यायचे.

गिऱ्हाईक : मग गोळीचाबी पाडा म्हनावं.

मेडिकलवाला : जी औषधं सरकारच्या अत्यावश्यक यादीत हायत, त्यांची कमाल किंमत ठरलेली असते. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनीला वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते.

गिऱ्हाईक : कुनालाबी न विचारता?

मेडिकलवाला : दहाच्या आत असली तर न विचारता.

गिऱ्हाईक : आमच्या सोयाबीनला घाला की त्या यादीच्या बाहेर.

(इथे कार्यकर्ता येतो. कानाला फोन आहे. फोनवर कोणी आहे की नाही, हे गावात अजून कोणाला कळलेलं नाही.)

कार्यकर्ता : काय अडचण आहे, तात्या? मला नाही का सांगायचं! एक फोन. मुख्यमंत्री सहायता निधी.

गिऱ्हाईक : मिळतंय?

कार्यकर्ता : म्हणजे काय! कागदं तेवढी लागतात. आधार, रेशनकार्ड, डॉक्टरांचे रिपोर्ट, दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. वर्षाचं उत्पन्न १ लाख ६० हजाराच्या आत पाहिजे.

गिऱ्हाईक : उत्पन्नच न्हाई तर दाखला कशाचा काढू?

कार्यकर्ता : उत्पन्न नसलं तरी दाखला लागतो. नसल्याचा दाखला हा उत्पन्नाचाच दाखला असतो. आधी तलाठ्याकडं जा.

मेडिकलवाला : तलाठी नाही राहिले आता. ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.

गिऱ्हाईक : तलाठ्याचं नाव बदललं. उस्मानाबादचं धाराशिव झालं. राजीव गांधी जीवनदायीची महात्मा फुले योजना झाली. ह्या चिठ्ठीवरचा आकडा तेवढा कुनी बदलंना.

कार्यकर्ता : तर ते अंदाजपत्रक आणा. कुठं अॅडमिट आहात?

गिऱ्हाईक : आँ? मी हितं उभा हाय की.

कार्यकर्ता : म्हणजे अॅडमिट नाही?

गिऱ्हाईक : चालत आलो घरून.

कार्यकर्ता : (फोन खाली घेऊन, गंभीरपणे) हीच मोठी अडचण आहे, तात्या. पैसे दवाखान्याच्या खात्यावर जातात. पेशंट दाखल पाहिजे. आधी झालेला खर्च परत मिळत नाही. तुम्ही चालताय, बोलताय, वर सोयाबीनवर विनोद करताय!

गिऱ्हाईक : मग काय करू, पडू?

कार्यकर्ता : पडलात तर मी आहेच. दुसरं म्हणजे धर्मादाय रुग्णालयं. ट्रस्टचे मोठमोठे दवाखाने. कायद्यानंच त्यांना गरिबांसाठी राखून ठेवावं लागतं. दहा टक्के निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत.

गिऱ्हाईक : काय राखून ठेवतेत? गोळ्या?

कार्यकर्ता : खाटा.

गिऱ्हाईक : तिथंबी खाटच?

कार्यकर्ता : खाटच. बरं, तुमचं वय किती? सत्तर झालं असेल तर उत्पन्न बघतच नाहीत. आयुष्मान वय वंदना कार्ड, पाच लाखांपर्यंत उपचार. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे.

गिऱ्हाईक : अडुसष्ट.

कार्यकर्ता : दोन वर्षं काढा कशीतरी.

गिऱ्हाईक : काढली असं धरा. मग गोळ्या मिळतेल?

कार्यकर्ता : (चाचरत) खाट मिळेल.

गिऱ्हाईक : ह्या सरकारला बाजेचं लई वेड हाय राव! माणूस आडवा झाला की पाच लाख. उभा राहिला की 'उधारी बंद'.

(टाळी मेडिकलवाल्याने दिली. खरं म्हणजे तात्या बोलले ते वावगं नाही. आपल्याकडच्या मोठ्या योजना ऑपरेशनच्या, खाटेच्या, पॅकेजच्या आहेत, आणि त्यांनी माणसं वाचवली आहेत. रोज सकाळी घ्यायच्या गोळीचं पॅकेज बसवायला मात्र कोणाला फारसा हुरूप नाही. गोळीचं उद्घाटन करता येत नाही, हे एक कारण असावं.)

कार्यकर्ता : आणि हे विसरू नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी बारावरून पाचवर आला. जीव वाचवणाऱ्या ३३ औषधांवर तर शून्य!

गिऱ्हाईक : मग माझी शून्यात बसती का?

मेडिकलवाला : नाही, पाचात.

गिऱ्हाईक : म्हंजी माझी गोळी जीव वाचवत न्हाई? मग मगाशी गुठळीचं भ्या कशाला घातलं?

(आशाताई येतात. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर, चेहऱ्यावर दिवसभराची पायपीट.)

आशाताई : काय चाललंय तात्या? दुकानात सभा का?

गिऱ्हाईक : तू ये बाई. मला खाटेवर पाडायचं चाललंय.

आशाताई : (चिठ्ठी घेऊन वाचते) ह्यातली बीपीची गोळी विकत कशाला घेता? उपकेंद्रात मिळते की. मी घरी येऊन बीपी मोजून गेले होते ना, तेव्हाच सांगितलं होतं.

गिऱ्हाईक : सांगितलं असशील. तवा मला बीपी नव्हता.

आशाताई : एकशे सत्तर होता! बाकीच्या चिठ्ठीसाठी आपलं स्पर्श ग्रामीण रुग्णालय गावातच हाय. चिठ्ठी दाखवा, जी औषधं साठ्यात असतील ती तिथून घ्या. न मिळालेलीच तेवढी विकत आणा. सरकारी दवाखान्यात केसपेपरचे पैसे २०२३ च्या १५ ऑगस्टपासून बंद झालेत.

गिऱ्हाईक : सरकारी गोळी काम करती का पण? फुकट म्हनल्यावर मला जरा...

आशाताई : फुकटचा स्टेंट काम करतोय ना?

(तात्या छातीला हात लावून खात्री करतात.)

आशाताई : दुसरं. लातूरला तपासणीला जाल तेव्हा योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. दवाखान्यात टेबल असतं त्यांचं. काही उपचारांना नंतरचा पाठपुरावाबी योजनेतच येतो. तुमचा बसतो का विचारा. नाही म्हणाले तर १५५३८८ ला फोन लावा.

कार्यकर्ता : फोन मीच लावणार होतो.

आशाताई : आणि तिसरं, डॉक्टरांना सांगा की चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहा. कंपनीचं नको. मग जनऔषधी केंद्रातून घेता येतं. २००८ पासूनची योजना हाय, निम्म्याहून कमी किमतीत मिळतं बरंच काही. केंद्र जवळ कुठं हाय ते 'जनऔषधी सुगम' अॅपवर दिसतं. पोराला बघायला सांगा.

गिऱ्हाईक : लातूरलाच जावं लागलं तर? जायला यायला एसटीचे पैसे पडत्यालच की.

कार्यकर्ता : पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट! आणि पंचाहत्तर झाली की पूर्ण मोफत.

गिऱ्हाईक : म्हंजी सात वरीस गोळ्या इकत खाऊन जगायचं, आन मग स्वस्तातल्या गोळ्या आणायला फुकट जायचं. झ्याक हाय.

आशाताई : एका फेरीत तीन महिन्यांच्या आणा. डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी लिहून घ्या.

(मेडिकलवाला बराच वेळ झाला काच पुसतो आहे. काच मघाशीच स्वच्छ झाली आहे.)

गिऱ्हाईक : मालक, तुमी गप का? मूळ नावाची गोळी तुमच्याकडंबी असती का?

मेडिकलवाला : असते की.

गिऱ्हाईक : मग आजवर दिली का न्हाई?

मेडिकलवाला : चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतं. कायद्यानं मला परस्पर बदलून देता येत नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर पहिला धरतील मला.

गिऱ्हाईक : ते पटलं. पण सांगता तर येत हुतं? 'तात्या, चिठ्ठी बदलून आना', एवढं?

मेडिकलवाला : सांगितलं असतं तर... (पाटीकडे बघतो.) दुकानाचं भाडं हाय, तात्या.

आशाताई : आणि ती मूळ नावाची, म्हणजे जेनेरिक गोळी छापील किमतीला विकू नका. जेनेरिकच्या पाकिटावर शंभर छापतात, दुकानदाराला पडतं त्याच्या कितीतरी खाली. त्यावर वीस टक्के सूट दिली की गिऱ्हाईक पाया पडतं.

गिऱ्हाईक : म्या पडलोय!

मेडिकलवाला : (पडेल आवाजात) मूळ नावाची चिठ्ठी आणली तर तुम्हाला निम्म्यात देईन. गावात बोंब करू नका मात्र.

कार्यकर्ता : (फोन कानाला लावून) हॅलो, साहेब? हां, सास्तूरहून. तात्यांचं काम केलं आपण. निम्म्यात!

गिऱ्हाईक : ह्यो कुनाशी बोलतोय?

आशाताई : जाऊ द्या. तात्या, आज गोळ्या घ्यायच्या. निम्म्या नाही, सगळ्या.

गिऱ्हाईक : १९९३ च्या ३० सप्टेंबरला, त्या पहाटे भूकंप झाला तवा, पोरी, न मागता मदत आली हुती. तंबू आले, पांघरुणं आली, डॉक्टर आले. एकानंबी उत्पन्नाचा दाखला मागितला न्हाई.

आशाताई : तेव्हा सगळं गाव आडवं झालं होतं, तात्या.

गिऱ्हाईक : (जरा थांबून) दहा दिवसांच्याच द्या, मालक. पण रोजच्या सगळ्या. तवर मी चिठ्ठी बदलून आणतो.

मेडिकलवाला : आठशे तीस झाले. वीस टक्के वजा...

गिऱ्हाईक : चाळीस.

मेडिकलवाला : पंचवीस. आन आशाताईला पुढच्या वेळी मागच्या दारानं घेऊन या.

(ज्यांच्या घरी दर महिन्याची चिठ्ठी आहे, त्या वाचकांनी पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं, आणि मेडिकलच्या आधी गावच्या सरकारी दवाखान्याची खिडकी गाठावी. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नये.)