पासिंगपुरते टायर

आमच्या शेजारच्या शेठचा डंपर वर्षातून एक दिवस नवरदेव असतो. त्या दिवशी त्याला कोरे टायर चढतात, पुढे पांढरी आणि मागे लाल रेडियम पट्टी लागते, वायपर हलतो, इंडिकेटर डोळे मिचकावतात. हा पासिंगचा दिवस. संध्याकाळी टायर ज्याचे त्याला परत जातात, कारण ते भाड्याचे असतात. दुसऱ्या दिवशी डंपर पुन्हा आपल्या गोटा झालेल्या टायरांवर खाणीतले चिरे ओढू लागतो.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन-दोन वर्षांचं मिळतं, पुढे दरसाल. शेठचा डंपर दरसालवाला. ‘‘शेठ, टायर विकतच का घेत नाही?’’ मी एकदा विचारलं. ‘‘भाऊ, गाडी पास होते टायरवर, चालते ब्रेकवर.’’ ब्रेकचं विचारायचं धाडस मला झालं नाही.

१२ ऑक्टोबर २०२५ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मंडणगडात न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातलं, त्यामुळे आम्हाला त्याचं अप्रूप मोठं. शेठना वेगळाच आनंद. ‘‘आता वकील हाताशी आला!’’

पहिली फेरी ओव्हरलोडच्या चलनासाठी. सहा टन जादा. २०१९च्या दुरुस्तीनंतर मूळ दंड २०,००० आणि वर जादा टनामागे २,०००, एकूण ३२,०००. ‘‘साहेब, सहाचे चार टन होतील काय?’’ वकील म्हणाले, ‘‘वजनकाटा वकिली ऐकत नाही. आणि ड्रायव्हरने काट्यावर जायला नकार दिला असता, तर ४०,००० झाले असते.’’ नकार न दिल्याने आपले ८,००० वाचले, या आनंदात शेठनी सगळ्यांना चहा पाजला.

दुसरी फेरी इन्शुरन्सची. रात्रीच्या खेपेला किन्नर डंपर हाकतो आणि त्याच्याकडे लायसन्स नाही, ही गोष्ट शेठनी वकिलांना हवापाण्यासारखी सांगितली. वकिलांनी पुस्तक मिटलं. सर्वोच्च न्यायालयाचा २००४चा स्वरणसिंग निकाल त्यांनी सोपा करून सांगितला: अपघात झाला तर विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावता येते, पण मालकाने जाणूनबुजून बिनलायसन्सचा माणूस बसवला असेल, तर कंपनी तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. शेठनी पहिलं अर्धं वाक्य ऐकलं. दुसऱ्या अर्ध्याला त्यांचा फोन वाजला.

शेठची एक तक्रार मात्र रास्त. ‘‘आमचं पासिंग दरसाल बघतात, रस्त्याचं कोण बघतो?’’ सावित्रीवरचा आंबेत-म्हाप्रळ पूल दुरुस्तीला गेला, तेव्हा वळशाचं डिझेल गाडीवाल्यांच्याच खिशातून गेलं. यावर वकिलांनी कलम १९८-अ काढून दाखवलं. रस्ता बांधताना सुरक्षेचे मापदंड पाळले नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदाराला किंवा जबाबदार यंत्रणेला दंड. किती? एक लाखापर्यंत.

शेठ बराच वेळ बोटं मोजत बसले. ‘‘म्हणजे ४० टन जादा भरले की माझाही दंड बरोबर एक लाख. खराब रस्त्यापायी माणूस मेला, तर तो जास्तीत जास्त ४० टन चिऱ्यांच्या भावाने!’’ इतक्या वर्षांत शेठचा हिशेब मला पहिल्यांदाच बिनचूक वाटला.

निघताना वकिलांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: ब्रेकचे लायनर, सहा टायर, लायसन्सवाला ड्रायव्हर, स्पीड गव्हर्नरची तोडलेली वायर. शेठनी चिठ्ठी वाचली, नीट घडी घातली आणि विचारलं, ‘‘यातलं पासिंगपुरतं काय काय करावं लागेल?’’

पासिंग गेल्या आठवड्यात झालं. टायर परत गेले. शेनाळे घाटाच्या उतारावर चिऱ्यांचा डंपर मागून येताना दिसला, तर गाडी बाजूला घ्या आणि त्याला पुढे जाऊ द्या.